एक जांभळं, एक पिवळं

९ फेब्रुवारी

प्रिय टिटवे,

पेटी पोचली. कुरियरवाल्याने सही मागितली, पाठवणाऱ्याच्या जागी तुझं अक्षर दिसलं आणि मी पेटी अशी काही ओढून घेतली की तो म्हणाला, "आजी, सावकाश." आजी म्हणाला! म्हणजे केसांना कलप लावते त्याचा काडीचा उपयोग नाही.

तुझ्या त्या डोंगरावर फोनला धड रेंज नसते, म्हणून लिहिते आहे. शिवाय फोनवर मला आधी रडू येतं आणि मग तुला राग येतो. कागदावर तसं होत नाही. शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, मुलींनो, पत्र लिहिताना पाठ ताठ ठेवा, म्हणजे मनही ताठ राहतं. मी ताठ बसले आहे.

चिठ्ठी वाचली. 'आई, आमच्या बागेतली पहिली फळं. जांभळं ते मँगोस्टीन, पिवळं ते स्टारफ्रूट. तू खा.' तू खा. तुम्ही खा, असं नव्हे. बरं. आठ वर्षांनी चार ओळी आल्या, त्यात खोड काढायला मी बसलेली नाही.

सोबतचा छापील कागदही वाचला. मँगोस्टीन सूज उतरवतं, अंगकांती सुधारतं. स्टारफ्रूट रक्तातली साखर वाढू देत नाही, पचायला हलकं, मूत्रपिंडं स्वच्छ ठेवतं. आणि खाली 'झाडावर पिकलेलं'. हे दोनच शब्द बाकीच्यांपेक्षा मोठे छापलेस. कोणाला दिसावेत म्हणून मोठे केलेस, ते तुझ्या आईला कळलं बरं का.

बाबांना मी काही बोलले नाही. पेटी टेबलावर उघडी ठेवली आणि चहा टाकायला गेले, एवढंच. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनीच सवय. परत आले तर ते पेटीवर वाकलेले. एक मँगोस्टीन कागदातून सोडवलेलं, आणि तो कागद गुडघ्यावर घेऊन तळहाताने सपाट करत होते.

"कुठून आली?"

"आलीय कुठूनतरी."

"हं. कुठूनतरी." दुसऱ्या फळाच्या कागदाचा पीळ बोटाने चाचपला. "पीळ देठापासून लांब दिलाय. देठ दुखावू नये म्हणून. हे सगळ्यांना जमत नाही."

"कोणाला जमतं?"

"चहात साखर घातलीस का चुकून?" म्हणाले. संपला विषय.

पण फळ परत ठेवताना त्यांनी ते तसंच गुंडाळलं, तसाच पीळ दिला. तुम्हा दोघांचे हात एकाच साच्यातले.

बाबा बरे आहेत. वजन जरा उतरलं आहे. आठवड्यातून तीन सकाळी आम्ही दोघं बाहेर पडतो, तिथे आता चांगल्या ओळखी झाल्या आहेत. ह्यांना खिडकीजवळची जागा मिळते. मी विणकाम घेऊन बसते. एक शिंपीकाका आहेत, ते सगळ्यांना हसवतात. एकूण बरं चाललं आहे.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी
आई

१२ फेब्रुवारी

टिटवे,

हे पत्र टाकायचं नाही, असं ठरवूनच लिहायला बसले आहे. परवाचं टाकलं आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. आयुष्यात मी खोटं फार कमी बोलले. पण अर्धं खरं बोलण्यात माझा हात धरणारं कोणी नसेल.

आम्ही तीन सकाळी जातो ते डायलिसिसला. तुझ्या बाबांच्या किडन्या गेल्या आहेत. साखरेने आधी नजर कमी केली, मग पावलांची जाणीव नेली, आणि आता हे. औषधाच्या दुकानाच्या वर एक लांब हॉल आहे, त्यात निळ्या रेक्झिनच्या खुर्च्यांची रांग. आत गेलं की आधी वजनकाटा. मग डाव्या हातात दोन सुया. त्या हाताची शीर ऑपरेशन करून मुद्दाम धमनीला जोडून जाड केली आहे. तिच्यावर कान ठेवला तर आत भुंगा गुणगुणतोय असं वाटतं. पहिल्यांदा मी ऐकलं आणि हातातलं विणकाम खाली पडलं. हे म्हणाले, "घाबरतेस काय? आतमध्ये कोल्ड स्टोरेजचं मशीन बसवलंय."

शिंपीकाका शेजारच्या खुर्चीत असतात. म्हणतात, "दादा, आपण सगळे एकाच गिरणीचं दळण. फक्त पीठ कोणाचं आधी होतं ते बघायचं." बायका म्हणतात, काहीतरीच काय बोलता. हे मात्र खो-खो हसतात.

तुला कळवायचं नाही, ही ह्यांची सक्त ताकीद आहे. "तिला सांगितलंस तर मी त्या खुर्चीत बसायचं सोडून देईन. मला बघायला यायचं तर येऊ दे. माझं मशीन बघायला नको." नाकापेक्षा मोती जड म्हणतात, पण इथे नाकच जड. बाजारात सगळे ह्यांना 'नाक' म्हणायचे, आठवतं? नाक आलं रे, पेट्या उघडा. एक हुंगलं की माल कुठल्या उतारावरचा, किती दिवसांचा, सगळं सांगायचे. हे ज्या गोदामात नोकरीला होते तिथे कार्बाइडने फळं पिकवतात, हे तू तपासणीवाल्यांना कळवलंस. ह्यांची नोकरी गेली, त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. पण बाजारात लोक म्हणाले, नाकाला कार्बाइडचा वास आला नाही होय? ते लागलं. ज्या पोरीला हुंगायला शिकवलं तिनेच नाक कापलं, असं म्हणून जे तोंड फिरवलं ते फिरवलंच.

आता तुझ्या पेटीचं. ह्यांना जवळपास सगळी फळं बंद आहेत. केळं नाही, संत्रं नाही, नारळाचं पाणी तर विषासमान. त्यात पोटॅशियम असतं, ते ह्यांच्या अंगातून बाहेर पडत नाही आणि काळजावर येतं. जन्म फळांत गेला त्या माणसाला सफरचंदाच्या दोन चकत्या मिळतात, त्याही पाण्यात उकळून, पाणी ओतून. आणि टेबलावर ती उघडी पेटी. रोज येता-जाता एक फळ उचलतात, हुंगतात, ठेवतात.

मग मी काय केलं सांगू? वही घेतली, पट्टीने मधोमध रेघ मारली आणि वर लिहिलं, फरक स्पष्ट करा. शाळेत शास्त्राच्या सिस्टर सांगायच्या, मुद्द्यासमोर मुद्दा आला पाहिजे. डावीकडे उंची आणि उजवीकडे रंग असं लिहिलंत तर शून्य. मला त्या प्रश्नात कधी पूर्णपेक्षा कमी गुण पडले नाहीत.

डावीकडे मँगोस्टीन, उजवीकडे स्टारफ्रूट. मोबाइलवर शोधलं, डाएटच्या तक्त्याशी ताडून बघितलं. पोटॅशियम: दोन्हींत कमी, जांभळ्यात तर फारच कमी. साखर: जांभळ्यात भरपूर, पिवळ्यात नावाला. सी जीवनसत्त्व: जांभळ्यात जवळपास नाही, पिवळ्यात चांगलं. चोथा पिवळ्यात जास्त. जांभळ्याचे जे मोठेमोठे गुण सांगतात ते बहुतेक सालीचे, आणि साल कोणी खात नाही, ती कपड्याला लागली तर डागसुद्धा निघत नाही. पोटॅशियम दोन्हींत चालण्याजोगं, तर मग निकाल साखरेवर लागणार. पिवळं जिंकलं. शिवाय तुझ्या कागदावर लिहिलेलंच आहे, मूत्रपिंडं स्वच्छ ठेवतं.

आज मशीन चालू असताना टेक्निशियनला विचारलं, "पोटॅशियम कमी असलेलं फळ थोडं चालेल ना रे?"

"थोडं चालेल, मावशी. कुठलं फळ?"

तेवढ्यात पलीकडचं मशीन वाजायला लागलं आणि तो तिकडे धावला. तो परत येईपर्यंत थांबता आलं असतं. नाही थांबले. ह्या जागेत फळाचं नाव घेतलं की उत्तर 'नाही' येतं, आणि एक 'थोडं चालेल' माझ्या पदरात पडलं होतं. तेवढं घेऊन मी गप्प बसले.

उद्या कापून देणार आहे.

आई

२१ फेब्रुवारी

प्रिय टिटवे,

तुझी दुसरी पेटीही आली. ह्या खेपेला चिठ्ठीत लिहिलं आहेस, 'दोघं खा.' त्या एका शब्दासाठी मी ती चिठ्ठी उशीखाली ठेवली आहे, हसायचं तर हस.

बाबांनी खाल्लं. सगळं सविस्तर सांगते, नाहीतर तू मनात विचारत राहशील आणि मला विचारणार मात्र नाहीस.

आधी त्यांनी मला सुरीच धरू दिली नाही. मँगोस्टीन उलटं करून बुडाशी असलेली पाकळ्यांची खूण दाखवली. "मोज. जितक्या पाकळ्या तितक्या आत फोडी. निघाल्या नाहीत तर माझं नाव बदल." सहा होत्या. फोडलं, सहाच निघाल्या. पोरासारखा चेहरा झाला होता. त्यातली एक फोड त्यांनी घेतली, बाकीच्या मला. ह्यांची साखर तुला माहीतच आहे.

मग स्टारफ्रूट. शिरांच्या कडा सोलून मी आडव्या चकत्या केल्या. बशीत पाच टोकांच्या चांदण्या पडल्या. एक उचलली, उजेडात धरली, हुंगली. इतका वेळ हुंगत होते की मी म्हणाले, "अहो, खायचं असतं ते."

खाल्ली. डोळे मिटून बसले. आणि मग म्हणाले, "झाडावर पिकलंय."

मी बशी त्यांच्याजवळ सरकवली.

"पेटीत पिकवलेलं नाही हे. झाडावर पिकलंय. शंभर टक्के."

टिटवे, कोणाला उद्देशून म्हणाले, ते मी सांगायला नको. माझ्याकडे बघत नव्हते. पेटीकडे बघत होते.

थोड्या वेळाने म्हणाले, "तिला सांग—" आणि थांबले.

"काय सांगू?"

"काही नाही. देठ थोडा अजून लांब ठेवायला सांग. प्रवासात टिकेल."

तर बाई, देठ थोडा लांब ठेव. इतक्या वर्षांनी तुझ्या बापाने तुला निरोप धाडला आहे आणि तो देठाविषयी आहे. ह्यापेक्षा गोड निरोप त्या माणसाला येत नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

रोज संध्याकाळी दोन चकत्या देते. जास्त नाही. त्यांना वाट बघायला काहीतरी मिळालं आहे. शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, "भावजींच्या तोंडावर तेज आलंय हो. काय खिलवता?" मी म्हटलं, लेकीने पाठवलेलं. मोठ्याने म्हटलं. ते आत ऐकत होते आणि त्यांनी मला थांबवलं नाही.

तुझी
आई

६ मार्च

प्रिय टिटवे,

खरं सांग, काल संध्याकाळपासून तू बाबांची आठवण काढते आहेस ना?

उचकी लागली आहे त्यांना. थांबायचं नाव नाही. काल मी कपडे आणायला गच्चीवर गेले आणि खाली येऊन बघते तर बशी रिकामी, पेटीतली तीन स्टारफ्रूट गायब! चोराच्या मनात चांदणं. माझी पावलं वाजताच पेपर तोंडापुढे धरून बसले होते. "तीन?" मी म्हटलं. "मुलीने पाठवलंय. तुझ्या माहेरचं आहे का?" म्हणाले. 'मुलीने' म्हणाले. मी रागवायचं विसरलेच.

मग उचक्या सुरू झाल्या. काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, एवढं कोण आठवण काढतंय?"

"आमच्यावर (उचकी) एक माणूस सोडून सगळे मेहेरबान आहेत. त्या एका माणसाने काढली असेल."

"मग नाव घ्या की तिचं. नाव घेतलं की थांबते."

त्यांनी घेतलं. तुझं खरं नाव, शाळेतलं, सगळं. मला वाटतं, तू घर सोडल्यापासून पहिल्यांदाच. थांबली नाही उचकी, आणि ते म्हणाले, "बघा, मला वाटलंच. हट्टी आहे." आम्ही तिघंही किती हसलो म्हणून सांगू.

आज सकाळीही चालूच आहे. पाणी बेतानेच द्यावं लागतं, नाहीतर भांडंभर पाजलं असतं. रात्री झोप लागली नाही, त्यामुळे आता चिडले आहेत. हाताला मुंग्या येतात म्हणतात. पडून राहिल्याने असेल. उद्या सकाळी बाहेर जायचं आहेच, तिथे विचारते.

आता पुरे कर गं आठवण काढणं. त्यापेक्षा ये. दार उघडेन तेव्हा मी काही विचारणार नाही, आणि ते पीळ कसा द्यायचा ह्यावर बोलायला लागतील, म्हणजे अवघड जाणार नाही. येशील?

आतून हाक मारताहेत. पत्र काकूंच्या हाती देते, त्या टाकतील.

तुझी
आई

१४ मार्च

टिटवे,

तू काल संध्याकाळी गेलीस. तू बसलेल्या खुर्चीवर तुझी ओढणी राहिली आहे, ती तशीच आहे.

हेही टाकायचं नाही.

फोनवर मी तुला सांगितलं, झटका आला आणि गेले. झटका आला होता हे खरं. माझं अर्धं खरं.

पत्र काकूंना दिलं त्या दुपारी ते विचित्र बोलायला लागले. मला म्हणाले, "दार लाव, गारवा जातोय." कुठलं दार? "चेंबरचं. सगळा माल पिकेल." आपण गोदामात आहोत असं त्यांना वाटत होतं. मला कोणीतरी हमाल समजले. मी हात धरला तर तो हात माझा आहे हे त्यांना कळत नव्हतं. मग ओकले. मग अंग ताठ झालं, दातखीळ बसली. काकूंचा मुलगा गाडी काढून आणेपर्यंत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मधूनच उचकी येत होती. तेवढीच एक गोष्ट त्यांची त्यांची वाटत होती.

मोठ्या हॉस्पिटलात एक डॉक्टर होती, तुझ्याच वयाची. तिने मला बाहेर बाकावर बसवलं आणि विचारलं, "काकू, दोन दिवसांत काय काय खाल्लं त्यांनी?"

मी सगळं सांगितलं. भात किती, डाळ किती, पाणी किती. शाळेतल्या तोंडी परीक्षेसारखं. ती लिहीत होती.

"आणखी काही? एखादं फळ?"

"स्टारफ्रूट," मी म्हटलं. "पोटॅशियम कमी असतं त्यात. मी बघितलं होतं."

तिचं लिहिणं थांबलं. तिने पेन खिशाला लावलं, ते लागलं नाही, खाली पडलं, तिने उचललंही नाही.

"काकू, किडनीच्या पेशंटने ते खायचं नसतं. पोटॅशियमचा प्रश्न नाही. त्यात दुसरं एक द्रव्य असतं. तुमच्या-माझ्या किडन्या ते बाहेर टाकतात, आपल्याला कळतही नाही. त्यांच्या अंगात ते साठलं आणि मेंदूत गेलं. उचक्या लागल्या होत्या का?"

"हो."

"ती पहिली खूण असते. तेव्हाच आणलं असतं तर..." असं म्हणाली आणि माझ्याकडे बघून थांबली. चांगली मुलगी आहे. त्यांनी लगेच मशीन लावलं, लांबवर चालवलं. पहाटे गेले.

उचकी लागली होती आणि आम्ही हसत होतो, टिटवे. तुझं नाव घेत होतो.

तू आलीस. त्यांच्या हातावरची ती जाड शीर बघितलीस आणि मला म्हणालीस, "मला का नाही सांगितलंस?" एवढं ओरडलीस की बाहेरची माणसं आत डोकावली. मी मान खाली घातली. ते मला चाललं. ते माझं देणंच होतं. पण मग, सगळे गेल्यावर, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिलीस आणि लहानपणी विचारायचीस त्या आवाजात विचारलंस, "त्यांनी खाल्लं का गं खरंच? का तू मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस?"

"खाल्लं. आवडीने खाल्लं. झाडावर पिकलंय म्हणाले."

तू माझ्या गळ्यात पडलीस. आठ वर्षांनी तुझं वजन माझ्या अंगावर आलं. म्हणालीस, "निदान एवढं तरी झालं. किडनीसाठी चांगलं असतं ते, आई. मला माहीत नव्हतं, पण माझ्या हातून योग्य तेच गेलं."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तू मला इतकं घट्ट धरलं होतंस.

मी ठरवलं आहे. झाकली मूठ. हे मी माझ्याबरोबर घेऊन जाईन. आई कशाला असते?

आई

३ एप्रिल

प्रिय टिटवे,

ह्या पाकिटात तीन पत्रं आहेत. बारा फेब्रुवारीचं आणि चौदा मार्चचं मी टाकणार नव्हते. ती दोन आधी वाच. जावईबापू घरात असताना वाच, एकटी वाचू नकोस. मग हे.

वाचलीस?

तर आता मंगळवारी फोनवर मी फक्त 'पेट्या थांबव, कोणालाही पाठवू नकोस, पत्र येतंय' असं का म्हणाले आणि तू तीन-तीनदा 'का' विचारलंस तरी काही न सांगता फोन का ठेवला, ते तुला समजलं असेल. फोनवर मला ते सांगता येत नव्हतं. पत्र पोचेपर्यंत मात्र एकही पेटी निघायला नको होती.

तुझं लांब पत्र सोमवारी आलं. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच 'प्रिय आई' असं लिहिलेलं. चार पानं. बागेचं, पावट्यासारख्या दिसणाऱ्या त्या किड्यांचं, कुत्र्याचं. वाचताना मी मधे मधे थांबत होते, लवकर संपू नये म्हणून. आणि शेवटच्या पानावर: 'बाबांच्या आठवणीसाठी तुमच्या डायलिसिसच्या हॉलमध्ये दर महिन्याला स्टारफ्रूटच्या पेट्या पाठवायचं ठरवलं आहे, फुकट. बाबांना जे खाता आलं ते तिथल्या सगळ्यांना खाता यावं. पहिल्या दोन पेट्या शनिवारी निघाल्या.'

शनिवारी निघाल्या आणि पत्र सोमवारी माझ्या हातात.

हॉलमध्ये फोन लावला, कोणी उचलेना. सकाळची पाळी चालू होती, सगळे सुया लावण्यात गुंतलेले. मी जशी होते तशी निघाले. पायात घरातल्या सपाता होत्या हे जिना चढताना कळलं. पेट्या आल्या होत्या. वजनकाट्यावर ठेवलेल्या, एक उघडलेली. एक नवीन नर्स ट्रेमध्ये चकत्या मांडून रांगेतून फिरत होती, आणि शिंपीकाकांच्या हातात एक चांदणी होती. मला बघून त्यांनी ती उंच धरली.

"वहिनी! दादांचं फळ आलंय. लेकीने पाठवलं. दादा नशीबवान हो!"

मी त्यांच्या हातावर फटका मारला. आयुष्यात मी परक्या माणसाला हात लावलेला नाही. चकती उडून मशीनखाली गेली.

"वहिनी, अहो काय..."

"हेच खाऊन हे गेले," मी म्हटलं. मोठ्याने. सगळ्या रांगेला ऐकू गेलं. "कोणी खाऊ नका. खाल्लं असेल तर आत्ता सांगा."

तोपर्यंत हे वाक्य मी मनातसुद्धा पूर्ण उच्चारलं नव्हतं. काकूंनाही सांगितलं नव्हतं.

दाराजवळच्या खुर्चीतल्या बाईने अर्धी चकती खाल्ली होती. तिची नात तिला भरवत होती. मशीन लागलेलंच होतं म्हणून, आणि डॉक्टरांनी ते आणखी वेळ चालू ठेवलं म्हणून, निभावलं. मी तिच्याजवळ दुपारपर्यंत बसले होते. ती मला म्हणत होती, "अहो, फार छान चव होती. वाईट वाटलं तुमच्या हातून फेकलं गेलं त्याचं." शिंपीकाकांनी त्या दिवशी कोणाला हसवलं नाही. निघताना म्हणाले, "पोरीला सांगणार?"

"सांगावं लागेल."

"नका सांगू हो. काहीतरी दुसरं सांगा. माल खराब निघाला म्हणा. माझी मुलगी असती तर मी नसतं सांगितलं."

मीही तेच ठरवलं होतं. घरी येईपर्यंत माल खराब निघाल्याचं पत्र माझ्या मनात पूर्ण तयारही झालं होतं, छान जमलं होतं. पण मग तू देठ बघितला असतास, कागद बदलला असतास, आणि पुढची पेटी दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या हॉलला गेली असती. तुझा तो छापील कागद तर दुकानादुकानांतून गेला आहे. तो वाचून माझ्यासारखी एखादी बाई रेघ मारून, मुद्द्यासमोर मुद्दा लिहून, साखर मोजून, नवऱ्याला बशी देत असेल. तिचं सगळं बरोबर असेल. माझंही बरोबर होतं. जो मुद्दा मला माहीतच नव्हता तो कुठल्या रकान्यात लिहिणार?

आता नीट ऐक. तू विचारलंस, त्यांनी खाल्लं का. खाल्लं. आवडलं. 'झाडावर पिकलंय' म्हणाले ते खरं, 'मुलीने पाठवलंय' म्हणाले ते खरं, तुझं नाव घेतलं तेही खरं. आणि त्यानेच ते गेले, हेही खरं. ह्यातलं एक दुसऱ्याखाली झाकता येत नाही. मी दोन-तीन आठवडे प्रयत्न करून बघितला.

तुला त्यांचा आजार माहीत नव्हता. तो मी लपवला. टेक्निशियनने फळाचं नाव विचारलं, ते मी सांगितलं नाही. चकत्या मी केल्या, उचक्यांना मी हसले. तू फक्त फळ पाठवलंस, बापाला पाठवावं तसं. ह्यात तुझा हात कुठे होता ते तू रात्रंदिवस शोधशील, मला माहीत आहे, तू त्यांची मुलगी आहेस. शोधशील तेव्हा ही ओळ पुन्हा वाच.

झाडं तोडू नकोस. धडधाकट माणसाला ते फळ चांगलंच आहे, डॉक्टरीणबाईंना मी पुन्हा जाऊन विचारून आले. पण तो कागद बदल. मूत्रपिंडांची ओळ काढून टाक. जी दुकानं तुझा माल घेतात त्यांना तू स्वतः फोन कर, जुने कागद परत मागव. आणि पेटीच्या झाकणावर, आतल्या बाजूला नव्हे, वरच, मोठ्या अक्षरांत हे छाप. मी पुन्हा पुन्हा लिहून बघितलं, ह्याहून कमी शब्दांत बसत नाही:

'ज्यांना किडनीचा कोणताही आजार आहे त्यांनी हे फळ खाऊ नये. एक चकतीसुद्धा नाही. खाल्लं असेल आणि उचकी लागली असेल तर लगेच हॉस्पिटलात जा.'

हे आधी कर. मग माझ्याशी बोल, किंवा बोलू नकोस.

तुझी
आई